पाठीला डबा बांधून: तैपेईत चिनी शिकायला जाणाऱ्यांसाठी

गावाकडे विहिरीत पोहायला शिकवायची एक पद्धत होती. तोंड बंद केलेला रिकामा पत्र्याचा डबा पोराच्या पाठीला बांधायचा आणि काठावरून ढकलून द्यायचं. नाकातोंडात पाणी जायचं, पण पोरगं बुडायचं नाही. मग एखाद दिवशी काका हळूच डबा सोडायचा.

परदेशात राहून भाषा शिकण्याच्या कोर्सबद्दल बोलताना लोक म्हणतात, पाण्यात पडलं की पोहता येतं. डब्याची गोष्ट ते विसरतात. तैवानच्या राजधानीत, तैपेईत, मी दोन्ही प्रकार पाहिले. काहीजण डबा न बांधताच उडी मारतात आणि तिसऱ्या आठवड्यात घरी जायची तिकिटं बघायला लागतात. काहीजण दोन-दोन वर्षं राहतात, पण त्यांचं चिनी काही चहा मागवण्यापुढे सरकत नाही, कारण इंग्रजीचा डबा त्यांनी कधी सोडलेलाच नसतो. तिथे काढलेल्या नऊ महिन्यांच्या आधारावर लिहितो आहे. पाटी कोरी असेल, तर पुढचं तुमच्या कामाचं.

आधी हे ठरवा: कुठलं चिनी?

भाषा मँडरिनच, म्हणजे प्रमाण चिनी, पण तैवानात पारंपरिक चित्राक्षरं चालतात आणि चीनमध्ये व सिंगापुरात सोपी केलेली. 'ऐकणं' या शब्दाच्या पारंपरिक अक्षरात कान आहे; सोप्या अक्षरात कान गेला आणि त्याजागी तोंड आलं, म्हणजे ऐकायचं तोंडाने. पारंपरिक अक्षरं लिहायला जड जातात, पण त्यांच्यावरून सोप्या अक्षरांकडे येणं उलट प्रवासापेक्षा हलकं जातं, असं माझं मत. नोकरी चिनी कंपनीशी व्यवहाराची असेल किंवा एचएसके ही चीनची चिनी-प्रावीण्य परीक्षाच द्यायची असेल, तर सरळ चीनला जा. बीजिंगचं लँग्वेज अँड कल्चर विद्यापीठ १९६२ पासून परदेशी विद्यार्थ्यांना चिनी शिकवतं आहे. वाचनाची, इतिहासाची ओढ असेल आणि लहान, सोयीचं शहर हवं असेल, तर तैवान.

शब्दांतही फरक आहेत. 'थूतोउ' म्हणजे चीनमध्ये बटाटा आणि तैवानात शेंगदाणा. उपवास असेल तर दोन्ही चालतील म्हणा.

संस्था निवडताना तास मोजा

तैपेईत दोन नावं हमखास कानावर येतात. नॅशनल तैवान नॉर्मल युनिव्हर्सिटीचं मँडरिन ट्रेनिंग सेंटर १९५६ सालचं. मोठं, गजबजलेलं, जगभरच्या विद्यार्थ्यांनी भरलेलं. तिथे साध्या वर्गाला रोज दोन तास आणि सघन वर्गाला रोज तीन तास असतात. दुसरं नाव नॅशनल तैवान युनिव्हर्सिटीतल्या आयसीएलपी या चिनी भाषा केंद्राचं. याचं मूळ १९६०च्या दशकातल्या स्टॅनफर्ड केंद्रात आहे. वर्ग तीन-चार जणांचे, शिवाय रोज एक तास शिक्षक आणि तुम्ही असे दोघंच, आणि आवारात चिनीतच बोलण्याची शपथ. फी अर्थातच चढी. याखेरीज ताइनान, काओशुंग या दक्षिणेकडच्या शहरांतही विद्यापीठांची केंद्रं आहेत. तिथे खर्च कमी आणि इंग्रजी बोलणारे कमी, म्हणजे दोन्हीकडून फायदाच. फक्त बाजारात मँडरिनइतकीच तैवानी बोलीही कानावर पडते, याची तयारी ठेवा.

आता एक हिशेब. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषा-संस्था इंग्रजी बोलणाऱ्याला मँडरिनमध्ये कामाचं प्रावीण्य यायला वर्गातले २,२०० तास धरते. आठवड्याला १५ तास आणि साधारण ११-१२ आठवड्यांचं एक सत्र, म्हणजे वर्षभराची चार सत्रं मिळून सातशेच्या आसपास तास होतात. 'वर्षात फ्लुएंट' अशी जाहिरात दिसली की हे गुणाकार आठवा. एका सत्रासाठी जाणं मला वाया वाटतं. तीन महिन्यांत कान नुकता उघडू लागतो आणि परतीचं विमान येतं. जमलं तर नऊ महिने, किमान सहा.

पैसे आणि कागद

तैवानच्या शिक्षण मंत्रालयाची हुआयू एनरिचमेंट स्कॉलरशिप भारतीयांनाही मिळते. ती दरमहा ठरावीक रक्कम देते. फी आणि विमानाचं तिकीट आपलं आपण. अर्ज साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये घेतात, त्यामुळे शिफारसपत्रांसाठी जुन्या सरांना जानेवारीतच गाठा. अटींमध्ये आठवड्याला किमान १५ तासांचा वर्ग ही मुख्य. गुण आणि हजेरी घसरली तर पैसे थांबतात, म्हणून 'जरा जपानला जाऊन येऊ' हा बेत सत्र संपल्यावरच करायचा.

भारत आणि तैवान यांच्यात औपचारिक राजनैतिक संबंध नाहीत, त्यामुळे 'दूतावास' शोधत बसू नका. तैपेई इकॉनॉमिक अँड कल्चरल सेंटर हेच ते कार्यालय. दिल्लीत आणि चेन्नईत होतंच, ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईतही उघडलं. पदवीच्या कागदांबाबत एक खोच आहे. अपॉस्टिल म्हणजे करारातल्या देशांत कागद मान्य व्हावा म्हणून मारतात तो शिक्का. तैवान त्या करारात नाही, म्हणून अपॉस्टिलचा शिक्का मारून आणलेली पदवी तिथे चालत नाही. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचं साधं साक्षांकन घ्यायचं आणि मग या केंद्राकडून प्रमाणित करून घ्यायचं. एजंटाला हे दोनदा सांगा. माझ्या एजंटाने ऐकल्यासारखं करून अपॉस्टिलच आणलं, आणि माझे तीन आठवडे गेले.

बहुतेकजण आधी पाहुण्या व्हिसावर जातात. पासपोर्टावरच्या व्हिसावर मुदतवाढ नाही असा शेरा नाही ना, हे तिथल्या तिथे बघून घ्या. शेरा असेल तर पुढचं सगळं अडतं. चार महिने सलग शिकून पुढच्या तीन महिन्यांची नोंदणी केली की निवासी व्हिसाला अर्ज करता येतो आणि त्यावर निवासी कार्ड मिळतं. त्यासाठीच्या वैद्यकीय तपासणीत छातीचा एक्स-रे आणि गोवर-रुबेलाचा पुरावा लागतो. लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड आईच्या कपाटात असेल तर शोधा. कार्ड हाती आल्यावर सहा महिन्यांनी सरकारी आरोग्य विम्यात नाव येतं. तोवरचा प्रवासी विमा भारतातूनच काढून न्या.

जाण्याआधीचे तीन महिने: हाच तो डबा

लोक इथे चूक करतात ती अशी, की 'तिथे जाऊन शिकायचंच आहे' म्हणून काहीच करत नाहीत, किंवा घाईघाईने पाचशे शब्द पाठ करतात. माझा सल्ला: शब्द कमी करा आणि हे महिने ध्वनींना द्या. चुकीचे उच्चार मुरले की मग ते काढायला दुप्पट वेळ लागतो.

मराठी माणसाला इथे मोठी सवलत आहे आणि बहुतेकांना ती ठाऊकच नसते. पिनयिन म्हणजे चिनीचं रोमन लेखन. रोमन अक्षरं दिसली की आपण इंग्रजी वाचू लागतो आणि घोटाळा तिथेच होतो. पिनयिनमधला 'बी' हा ब नव्हे, आपला साधा प. 'पी' म्हणजे फ, तोही फळातला, ओठ मिटून सोडलेला. 'डी' म्हणजे त आणि 'टी' म्हणजे थ. 'जी' म्हणजे क आणि 'के' म्हणजे ख. म्हणजे बीजिंग हे खरं पेइचिंग आणि तैपेई हे थायपेइ. अल्पप्राण आणि महाप्राण हा फरक कळावा म्हणून माझ्या वर्गातली युरोपीय मुलं तोंडासमोर कागद धरून फुंकत बसायची. आपण तो बालवाडीत शिकलेलो असतो.

याहून मौज 'च'ची. 'चार' आणि 'चोर' यांतले च आपण वेगळे उच्चारतो, लिहितो मात्र एकच. चोरातला हा च हिंदीत नाही. पिनयिनचा 'झेड' म्हणजे नेमका तोच. त्याला हवेचा झोत जोडा की 'सी' झाला. चिंचेतला च म्हणजे जवळजवळ 'जे', त्याचाच महाप्राण 'क्यू' आणि शिंपल्यातला श म्हणजे 'एक्स'. उरले 'झेडएच', 'सीएच' आणि 'एसएच': ट म्हणताना जीभ वळते तशी वळवून म्हटलेले च, छ आणि ष. शाळेत 'पोटफोड्या ष' म्हणून ज्याची थट्टा केली तो इथे खरोखर लागतो. गंमत म्हणजे तैवानी लोक बोलताना जीभ फारशी वळवत नाहीत. 'ष'चा सरळ 'स' करून टाकतात. तुम्ही तरी आधी वळवायला शिका, ढिलाई आपोआप येते.

पहिल्या महिन्यात वहीत देवनागरीतून उच्चार लिहायला माझी हरकत नाही. रोमनपेक्षा ते बरेच प्रामाणिक असतात. दुसऱ्या महिन्यात मात्र थांबवा, नाहीतर डोळे अक्षरांकडे जाणारच नाहीत. तैवानची मुलं रोमन शिकत नाहीत, चूयिन नावाची ३७ चिन्हं शिकतात. त्यांचा क्रम पो, फो, मो असा ओठांपासून सुरू होतो. आपली वर्णमाला कंठापासून निघून ओठांकडे येते, ही उलटी निघते. उच्चारस्थानानुसार लावलेली लिपी आपल्याला परकी वाटत नाही. मला ती चार दिवसांत आली. फोनवर टाइप करायला आणि मुलांची पुस्तकं वाचायला उपयोगी पडते.

आता सूर. चार आहेत, शिवाय एक हलका. पहिला वर आणि सपाट: डॉक्टर 'आ करा' म्हणतात तेव्हाचा आऽ. दुसरा चढता: नीट ऐकू आलं नाही की आपण 'काय?' म्हणतो तसा. तिसरा खाली दबलेला: संशयाने काढलेला 'हंऽऽ'. चौथा वरून खाली आपटणारा: 'गप!' दोन तिसरे सूर शेजारी आले की त्यांतला आधीचा दुसऱ्या सुरात जातो. 'नी हाओ'मध्ये हेच घडतं. सुरांना सजावट समजू नका. 'माय' तिसऱ्या सुरात म्हणजे विकत घेणं आणि चौथ्या सुरात म्हणजे विकणं. बाजारात जाऊन मी आठवडाभर फळं विकत होतो.

आपली अडचण अशी, की मराठीत सूर वाक्याच्या मालकीचा असतो. प्रश्न आला की शेवट चढवायचा, राग आला की सगळंच चढवायचं. चिनीत सूर शब्दाच्या मालकीचा असतो आणि प्रश्न विचारायला शेवटी 'मा' लावायचा, आवाज तसाच ठेवून. ही एक सवय मोडायला मला चार महिने लागले. उपाय कंटाळवाणा आहे: नवा शब्द एकटा पाठ करू नका, दोन अक्षरांची जोडी करून म्हणा, स्वतःचं रेकॉर्डिंग ऐका आणि लाज वाटली तरी पुन्हा ऐका.

अक्षरं मात्र जाण्याआधी फार लिहू नका. दीडशे पुरेत. घटक ओळखायला शिका एवढंच. 'छिंग' या एका घटकाला पाण्याची बाजू लावली की 'स्वच्छ', सूर्य लावला की 'निरभ्र', वाणी लावली की 'विनंती', हृदय लावलं की 'भावना'. उच्चार सगळ्यांचा छिंगच, सूर थोडे वेगळे. हे एकदा दिसलं की अक्षरांचा डोंगर निम्मा होतो. प्लेको हा शब्दकोश फोनमध्ये घ्या, आणि उजळणीसाठी अंकी हे ॲप.

पहिला आठवडा

पातळी ठरवणारी परीक्षा होते. तिथे हुशारी दाखवायच्या मोहात पडू नका. वरच्या वर्गात बसलात की सुरांकडे लक्ष द्यायला कोणाला वेळ नसतो. पहिल्या काही दिवसांत वर्ग बदलता येतो. शंका असली तर खाली उतरा.

चिनी नाव बाईच ठेवतात. आडनाव बहुधा एकाच अक्षराचं असतं. 'पाटील'मधल्या प वरून मला 'फान' मिळालं. मजा म्हणून ड्रॅगन-वाघ असलं नाव घेऊ नका, कारण तेच नाव निवासी कार्डावर आणि बँकेतही येऊ शकतं.

खोली शोधताना दोन शब्द पाठ ठेवा: 'याफांग' म्हणजे न्हाणीघर सामाईक, 'थाओफांग' म्हणजे स्वतःचं. शोधायला बहुतेकजण ५९१ हे संकेतस्थळ वापरतात, आणि ते सगळं चिनीत आहे, तेव्हा पहिला स्वाध्याय तिथेच होतो. दोन महिन्यांचं भाडं अनामत म्हणून द्यावं लागतं. परदेशी विद्यार्थ्यांनी भरलेली वसतिगृहं टाळा. त्यांतल्या स्वयंपाकघराची भाषा इंग्रजी असते. स्थानिक मुलांबरोबर एखादी कोंदट याफांग घेतलीत तरी चालेल. कोंदट ती असणारच. मे-जूनचा पाऊस आणि हिवाळ्यातली दमट थंडी कपड्यांना बुरशी आणते. कोकणातला माणूस फक्त हसेल.

वर्ग कसा असतो

सकाळी आठच्या सुमाराला सुरू, आणि आल्या आल्या 'थिंगश्ये', म्हणजे श्रुतलेखन. दिवसाला वीस-तीस नवे शब्द धरा. म्हणजे तीन तासांच्या वर्गामागे घरी तीन-चार तास. दुपारी झोपून रात्री अभ्यास हा बेत टिकत नाही. वर्ग सुटल्यावर तिथेच ग्रंथालयात बसा आणि अक्षरं हाताने लिहा. शिक्षक मधूनच 'कळलं का?' विचारतात आणि सगळे माना हलवतात. तुम्ही हलवू नका. 'नाही कळलं' हे वाक्य मी सर्वांत जास्त वापरलं, आणि माझ्या तोंडी सर्वांत शुद्ध बसलं तेही हेच.

आकड्यांचा एक गुंता आहे. चिनी मोजणी दहा हजारांवर चालते. दहा हजार म्हणजे एक 'वान'. आपला लाख म्हणजे दहा वान, कोटी म्हणजे हजार वान आणि दहा कोटींना 'यी' असा वेगळा शब्द. इंग्रजीतून भाषांतर करू नका, लाखातून करा. एक शून्य तरी वाचतं.

वर्गाबाहेर: जिथे खरं शिक्षण आहे

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि चिनी शिकले. त्यांना ना वर्ग होता ना सत्र. समोर जखमी सैनिक होता आणि कुठे दुखतंय हे त्याला विचारायचं होतं. तैपेईत तुम्हाला अशी गरज आपोआप पडणार नाही. मेट्रोतल्या पाट्या इंग्रजीतही आहेत, दुकानदार हातवाऱ्यांवर भागवतो. गरज स्वतः तयार करावी लागते.

कचऱ्यापासून सुरुवात करा. आपल्या घंटागाडीसारखीच तिथे संध्याकाळी कचऱ्याची गाडी येते, बेथोव्हेनची धून वाजवत. पिशवी रस्त्यावर ठेवायची नसते, हाताने गाडीत टाकायची, आणि तैपेईत ती पालिकेचीच विकत घेतलेली निळी पिशवी असावी लागते. सगळी गल्ली दहा मिनिटं पिशव्या घेऊन उभी असते. खरकटं वेगळं, प्लास्टिक वेगळं. मी खरकट्याची बादली चुकवायचो आणि शेजारच्या आजी मला रोज ओरडायच्या. त्या आजींकडून मी जितके क्रियापदांचे प्रकार शिकलो तितके पुस्तकातून नाही.

खाणं हा दुसरा वर्ग. शाकाहारी असाल तर तैवानसारखं ठिकाण नाही. 'वो छर सू', मी शाकाहारी, हे वाक्य विमानातच पाठ करा. शाकाहारी खानावळीच्या पाटीवर पुष्कळदा स्वस्तिक दिसेल. दचकू नका, ती बौद्ध खूण आहे. पाकिटांवर शाकाहाराचे प्रकार छापलेले असतात: दूध चालणारे, अंडं चालणारे, आणि कांदा-लसूणही न चालणारे. म्हणजे आपल्या जैन मित्रांचीसुद्धा सोय आहे. साध्या खानावळीत मात्र हिरव्या भाजीवर डुकराची चरबी घातलेली असू शकते. 'चू-यो' हा शब्द शिकून घ्या आणि विचारा. 'स्वयंवाढप' खानावळीत ताटात वाढून घेऊन गल्ल्यावर जायचं असतं. तिथली मावशी ताटाकडे बघून झटक्यात रक्कम सांगते. मला ती रक्कम एका दमात कळली तो दिवस मी वहीत लिहून ठेवला आहे.

दुकानातली प्रत्येक पावती जपा. तिच्यावरचा क्रमांक हे सरकारी लॉटरीचं तिकीट असतं आणि सोडत विषम महिन्यांच्या २५ तारखेला निघते. आकडे ऐकायला याहून चांगला सराव नाही. मला दोनशे तैवानी डॉलर लागले.

भाषेची अदलाबदल हा प्रकार सगळेजण सुचवतात. एक तास तुमची इंग्रजी, एक तास त्यांचं चिनी. माझा अनुभव असा, की समोरच्याचं इंग्रजी चांगलं असेल तर दोन्ही तास इंग्रजीतच जातात. त्यापेक्षा बॅडमिंटनचा गट, डोंगर चढणारा गट किंवा मंदिरातलं स्वयंसेवकांचं काम बघा. तिथे तुमची इंग्रजी कोणालाच नको असते. लाइन हे ॲप घ्या, सगळं त्याच्यावर चालतं.

आणि भारतीय मित्रांचं काय? भेटा, रविवारी पोहे करा, मराठीत पोटभर बोला. पण रविवारीच.

तिसरा महिना

साधारण दहाव्या आठवड्यात सगळं विसरल्यासारखं होतं. आधी येत असलेलं वाक्यही अडकतं. हे बहुतेकांना होतं. या वेळी नवं पुस्तक विकत घेऊ नका, वर्गही बदलू नका. पहिल्या महिन्यातले धडे काढा आणि मोठ्याने वाचा. किती पुढे आलात हे कानाला कळतं. याच सुमाराला एक काम करा: फोनची भाषा बदला आणि भाषांतराचं ॲप काढून टाका. शब्दकोश ठेवा. डबा सोडायची वेळ हीच, आणि तो तुम्हालाच सोडावा लागतो. काठावर कोणी काका उभा नसतो. मी तो चौथ्या महिन्यात सोडला आणि दुसऱ्या दिवशी केस कापायला गेलो. काय सांगितलं आणि काय ऐकलं गेलं कोण जाणे, पुढचे सहा आठवडे टोपी घालून वर्गात बसलो.

परतताना

परीक्षा द्यायची तर टीओसीएफएल ही तैवानची चिनी-प्रावीण्य परीक्षा तिथेच देऊन या, मुरलेलं असतं. गुणपत्रक आणि तासांची नोंद असलेलं प्रमाणपत्र मागून घ्या. तास लिहिलेले असले की पुढच्या अर्जाला उपयोगी पडतं. बँकेचं खातं बंद करा, मेट्रोच्या कार्डातले उरलेले पैसे काढून घ्या. आणि दमटपणा शोषणारं यंत्र घेतलं असेल तर महिनाभर आधीच विकायला काढा. सत्राच्या शेवटच्या आठवड्यात सगळेच ते विकत असतात, आणि तेव्हा 'माय'चा सूर चुकला तर आणखी एक यंत्र गळ्यात पडतं.